यालोंगोंच्या गाडीवर स्ट्रॉ मिळत नाही

लुर्देस लग्न होऊन यालोंगोंच्या घरात आली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या हातून एक गुन्हा घडला आणि पंधरा वर्षं उलटली तरी सासऱ्याने तो पोटात घातला नव्हता. झालं असं, की मदत करावी म्हणून ती सरबताच्या गाडीवर उभी राहिली. गिऱ्हाइकांची सोय व्हावी म्हणून स्वतःच्या खर्चाने स्ट्रॉचा एक खोका आणला आणि कागदी पेल्यांच्या शेजारी हौसेने मांडून ठेवला. ओरेस्ते यालोंगो गाडीमागून साखरेचं पोतं घेऊन आला. त्याने खोका पाहिला, रांगेतल्या पहिल्या बाईच्या पेल्यात उभी असलेली स्ट्रॉ पाहिली आणि पोतं तिथेच टाकून नाइट्सविलच्या अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "काय गं, ही बाई आजारी आहे का? हॉस्पिटल आहे का हे?"

बर्फाळ लिंबू सरबत स्ट्रॉने प्यायचं नसतं, चमच्याने खायचं नसतं. ऱ्होड आयलंडात हे बाबागाडीतल्या पोरालाही कळतं. पेला मुठीत धरायचा, हलके दाबायचा, फिरवायचा. हाताच्या उबेने बर्फ कडेने सुटला की पेला तिरका करून तोंडाला लावायचा. शेवटी बुडावर एक टिचकी मारायची, म्हणजे सालीचे बारीक तुकडे जिभेवर येतात. स्ट्रॉ लावली की काय होतं? खालचा रस सगळा आधी ओढला जातो आणि मागे राहतो पांढराफटक बर्फ, ज्याला ना चव ना ढव. हे सगळं ओरेस्तेने त्या दिवशी सुनेला रांगेसमोर, हातवारे करून, दोनदा समजावून सांगितलं होतं.

लुर्देस पुलापलीकडची, ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या पोर्तुगीज वस्तीतली. गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. पण आमच्याकडे पंधरा मिनिटांच्या प्रवासाला माणसं डबा बांधून निघतात, तेव्हा ओरेस्तेच्या लेखी ती परदेशातूनच आली होती. तेव्हापासून तिचं नाव 'स्ट्रॉवाली' पडलं. नाताळच्या जेवणातसुद्धा तो सूप वाढताना विचारायचा, "सूनबाई, स्ट्रॉ देऊ?" तीही काही कमी नव्हती. "द्या की बाबा," ती म्हणायची, "तुमच्या मिश्या तरी सुपात भिजणार नाहीत."

तर असा हा ओरेस्ते. वय पंचाहत्तर. गाडी त्याच्या वडिलांची, गॅरेजातलं सरबत घुसळायचं मशीन वडिलांचं, आणि पिंप ढवळायचं लांब लाकडी वल्हंही वडिलांचंच. कृती मात्र वडिलांनी कागदावर लिहिली नाही आणि यानेही नाही. लिहिणार काय? लिंबांची प्रत्येक पेटी वेगळी असते. कधी रस जास्त, कधी सालच जाड, कधी आंबटपणा असा की कान लाल व्हावेत. पाक किती घालायचा हे त्या दिवशीची जीभ सांगते. बर्फात गोडी दबते, तेव्हा किती दबेल याचाही हिशेब जिभेनेच करायचा. मुलगा रेमो दूर किनाऱ्यावर जहाजांच्या कारखान्यात जोडकाम करतो, हाताचा मोठा कसबी, पण त्याच्या जिभेला सूप आणि चहा सारखेच. त्यामुळे यालोंगोंची जीभ म्हणजे ओरेस्ते एकटाच.

आणि ही जीभ फेब्रुवारीत गेली.

आठ दिवस ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, आणि एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी आहे. त्याने साखर घातली. गरम पाणीच. कपाटातून व्हिनेगरची बाटली काढून नाकाखाली धरली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार, या वयात सांगता येत नाही. घरी आल्यावर बायकोने, एर्सिलियाने, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घोड्यासारखा ठणठणीत आहे म्हणाले," आणि वर्तमानपत्र उघडून बसला.

का लपवलं? आता त्याचा स्वभावच तसा, असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते पुरतं खरं नाही. त्याला भीती वाटत होती. त्याचे वडील म्हातारपणी तिखटगोड विसरायला लागले, त्या वर्षी त्यांनी सगळ्यांसमोर वल्हं ओरेस्तेच्या हातात दिलं आणि त्यानंतर ते गॅरेजात कधी आले नाहीत. खिडकीत बसायचे. ओरेस्तेला खिडकीत बसायचं नव्हतं, आणि वल्हं द्यायचं तर द्यायला पुढे कोणी नव्हतं.

मेच्या पहिल्या शनिवारी त्याने गाडी उघडली. गेल्या वर्षीइतकीच लिंबं कापली, गेल्या वर्षीइतकाच पाक ओतला, मशीन फिरवलं. पेला भरून मुठीत दाबला. बर्फ अगदी हवा तसा, ना खडा ना पाणी. हे हाताला कळत होतं. घोट घेतला. थंडगार काहीतरी घशाखाली गेलं, एवढंच.

लोक आले. वर्षातलं पहिलं सरबत म्हणून उड्या पडल्या. कोणी काही बोललं नाही. ओरेस्तेच्या तोंडावर बोलायची छाती होती कोणाची? कोपऱ्यावरची सौ. पेझ्झा एक घोट घेऊन म्हणाली, "चला, उन्हाळा आला म्हणायचा," आणि पेला हातात घेऊन चालायला लागली. एरवी ती दुसरा पेला घेतल्याशिवाय हलायची नाही.

संध्याकाळी त्याने कचऱ्याच्या पिंपातली पिशवी उचलायला घेतली आणि ती उचलेना. साठ वर्षांत असं झालं नव्हतं. यालोंगोंच्या गाडीवरचे पेले कचऱ्यात पडतात ते चपटे, पिळून काढलेले. टिचकी मारून मारून लोक शेवटचा सालीचा तुकडासुद्धा सोडत नाहीत. त्या दिवशी पिशवीत पेले उभे होते. अर्धे भरलेले. तळातून पिवळं पाणी गळत होतं. ओरेस्ते लिंबाची रिकामी पेटी पालथी करून तिच्यावर बसला आणि बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिला. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मे तसाच गेला, जूनही. रोज तो अंदाजाने पाक कमीजास्त करायचा आणि रोज संध्याकाळी पिशवी उचलून बघायचा. कधी थोडी हलकी, कधी जड. जुलैतल्या जत्रेच्या विचाराने तर त्याची झोपच उडाली. जत्रेच्या रविवारी चर्चमधल्या मातेच्या मूर्तीची मिरवणूक गल्लीगल्लीतून फिरते आणि यालोंगोंच्या गॅरेजसमोर थांबते. खांदेकरी मातेला दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुताराच्या तिवयांवर, ठेवतात, बँड थांबतो, आणि मग पहिला पेला सरबत करणारा स्वतः पितो. सगळ्यांसमोर. तो मान डोलावतो, म्हणजे सरबत मातेच्या माणसांना द्यायच्या लायकीचं आहे, अशी ग्वाही झाली. मग खांदेकरी पितात. वडिलांनी मान डोलावली होती, त्यांच्यामागून ओरेस्तेने चौतीस वेळा डोलावली होती. यंदा डोलवायची तर कशाच्या जोरावर?

जूनच्या शेवटी शाळांना सुट्टी लागली. लुर्देस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तेव्हा सुट्टी लागली की दरवर्षीप्रमाणे ती गाडीवर आली. आणि आठवड्याभरात चमत्कार झाला. पिशवी हलकी झाली.

पहिल्या दिवशी ओरेस्तेला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी दोन बोटांवर उचलली. चपटे पेले! सौ. पेझ्झाने पाठोपाठ तीन पेले घेतले आणि नवऱ्यासाठी चौथा. ओरेस्तेची कळी खुलली. जीभ गेली तर गेली, हाताला विद्या आहे, असं तो मनात म्हणाला. मग मनात ठेवणं जमेना म्हणून मोठ्याने म्हणायला लागला.

"बघितलंस सूनबाई? हाताला कळतं. साठ वर्षांचा हात आहे."

"हो बाबा," लुर्देस म्हणाली.

खरं तर तिथेच त्याला शंका यायला हवी होती. पंधरा वर्षांत ती त्याला एकदाही 'हो बाबा' म्हणाली नव्हती.

जत्रेच्या आधीच्या गुरुवारी त्याने गाडी धुवायला काढली. पाकाचा मोठा डबा बाजूला सरकवला तर मागे एक स्ट्रॉ पडलेली. टोक चावून चपटं झालेलं. त्याने आणखी आत हात घातला. आणखी एक. मग फडक्याखाली लपवलेलं अख्खं पाकीट हाताला लागलं. त्याच्या गाडीत, त्याच्या पाकाच्या डब्यामागे!

"लुर्देस!"

ती पेल्यांची चळत हातात घेऊन आली आणि त्याच्या हातातलं पाकीट बघून जागच्या जागी थांबली.

"हे काय आहे?"

"स्ट्रॉ."

"ते दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे."

"डोळे आहेत," लुर्देस म्हणाली, आणि पुढचं गिळून टाकलं.

"बोल की! डोळे आहेत, आणि काय नाही?"

तिने पेले खाली ठेवले. "बाबा, मार्चमधला तो रविवार आठवतो? आईंचा सॉस करपला होता. घरभर वास. रेमोने ताट सरकवलं, मुलींनी नाकं दाबली, मी ब्रेड खाऊन उठले. तुम्ही दोनदा मागून घेतलात. वर म्हणालात, एर्सिलिया, आज हात चांगला लागलाय. आई दिवसभर खूश होत्या. मी तुमच्याकडे बघत होते."

ओरेस्तेचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"मेमध्ये एकदा मुलींना घेऊन आले होते," ती हळूच म्हणाली. "धाकटीने पेला झाडात ओतला. आपल्या धाकटीने, बाबा. तेव्हाच ठरवलं, सुट्टी लागली की बघायचं. तुम्ही मशीन थांबवून हात धुवायला जाता ना, तेवढा वेळ मला चाखून पाक, साली घालायला पुरतो. स्ट्रॉ पिंपात खोल घालायची, वरचं तोंड बोटाने बंद करायचं, की नुसता रस वर येतो. बर्फाने जीभ बधिर होते, रसाने खरं काय ते कळतं. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मी? मी शिकवलं?"

"ओरडताना. स्ट्रॉ रस ओढते आणि बर्फ सोडते, म्हणालात. दोनदा."

आता एखादा शहाणा माणूस इथे हसला असता आणि तिथेच विषय मिटला असता. पण ओरेस्तेला एकच गोष्ट दिसत होती: आठवडाभर तो गावभर ज्या हाताची फुशारकी मारत फिरला, तो हात त्याचा नव्हताच. सून पाठीमागून सावरत होती आणि वर 'हो बाबा' म्हणत होती.

"रविवारच्या पिंपाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "तू नाही, कोणीच नाही. यालोंगो मी आहे."

लुर्देसने एप्रन सोडला, घडी घालून काउंटरवर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "नाही लावणार. रविवारी मी रस्त्यावर उभी राहीन, सगळ्यांसारखी. चांगलं झालं तर पिईन. वाईट झालं तरी पिईन. पण खोटं नाही बोलणार."

ती गेली. ओरेस्तेने पाकीट कचऱ्यात टाकायला हात वर केला, आणि का कोण जाणे, खिशात घातलं.

शुक्रवार, शनिवार तो कोणाशी धड बोलला नाही. रविवारी पहाटे उठून गॅरेजात गेला. लिंबं कापली, रस काढला, साली बारीक केल्या, पाक ओतला. ओतताना हात दोनदा थबकला. मशीन घरघरायला लागलं. तासाभराने त्याने पेला भरला आणि घरात एर्सिलियासमोर नेऊन ठेवला.

"पिऊन बघ."

एर्सिलिया केसांना पिना लावत होती. तिने पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला विचारू नकोस. बावन्न वर्षं तुझं सरबत पितेय. तू उद्या नळाचं पाणी थिजवून दिलंस तरी मी चांगलंच म्हणेन. माझी जीभ तुझ्या बाजूची आहे, तिचा उपयोग नाही."

"तुला काय माहीत मी का विचारतोय?"

"काल तुझ्या कॉफीत मीठ घातलं होतं मी," एर्सिलिया आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली. "लुर्देस रडत घरी गेली म्हटल्यावर मला बघायचंच होतं काय भानगड आहे. दोन चमचे मीठ, ओरेस्ते. कप चाटून पुसून ठेवलास."

तो पलंगाच्या कडेवर बसला. "मग मी कोणाला विचारू?"

"ते तुला माहीत आहे." तिने शेवटची पिन लावली. "आणि माझा सॉस करपला होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू चांगला म्हणालास म्हणून मी गप्प बसले. फार दिवसांनी काही चांगलं म्हणाला होतास."

दुपारी तीनला बँडचा आवाज गल्लीच्या टोकाला आला. गाडी आज गॅरेजच्या दारातच लावली होती. कठड्यांवरून रंगीत चादरी सोडल्या होत्या, सॉसेज आणि मिरच्या भाजल्याचा धूर चौकातून इथवर आला होता. म्हणजे असावा. ओरेस्तेला फक्त डोळे चुरचुरल्यावरून कळलं. खांदेकरी आले, पांढरे सदरे घामाने पाठीला चिकटलेले. सगळ्यांत पुढे नुंझिओ न्हावी, ओरेस्तेचा शाळेपासूनचा दोस्त. लाकडी घोड्यांवर त्यांनी मातेला अलगद टेकवलं. भाविकांनी मातेच्या फितींवर टाचलेल्या नोटा वाऱ्याने फडफडल्या. बँड थांबला.

"लवकर कर रे बाबा," नुंझिओ खांदा चोळत म्हणाला. "जीव जायची वेळ आलीय."

ओरेस्तेने पिंपातून पेला भरला. अडीचशे-तीनशे माणसं गप्प उभी. त्याने पेला मुठीत दाबला, फिरवला. बर्फ सुरेख सुटला. मान कशी डोलवायची हे त्याने सकाळी आरशासमोर करून बघितलं होतं. जरा डोळे मिटायचे, जरा थांबायचं, मग डोलवायची. एवढंच करायचं होतं.

त्याने पेला ओठापर्यंत नेला आणि समोर पाहिलं. गर्दीत सौ. पेझ्झाच्या मागे लुर्देस उभी होती, दोन्ही मुलींचे हात धरून. ती पेल्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. आपल्या माणसाची फजिती होऊ नये म्हणून माणूस जसा श्वास धरून बसतो, तशी ती उभी होती. त्याच्यावर रागावलेली बाई अशी उभी राहत नाही. आणि तिच्या डोक्यावरून, फितींमधून, माता बघत होती. ओरेस्ते काही मोठा भाविक नव्हे, प्रवचनात त्याला हमखास डुलकी लागते. पण तिच्या तोंडासमोर खोटी ग्वाही द्यायची, आणि ते सुनेने बघायचं, हे त्याच्याने होईना.

त्याने पेला खाली ठेवला. शर्टाच्या खिशात हात घातला, पाकीट काढलं, त्यातून एक स्ट्रॉ ओढली आणि ती वर धरली.

गर्दीतून असा आवाज आला, जसं काही त्याने चर्चमध्ये शिवी दिली.

"ओरेस्ते!" नुंझिओ किंचाळला. "स्ट्रॉ? तुझ्या हातात?"

"दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत," ओरेस्ते म्हणाला. "ऐका सगळे, एकदाच सांगतो. माझी जीभ फेब्रुवारीत गेली. चव नाही, वास नाही. मेपासून तुम्ही जे पेले टाकून दिलेत ते माझे होते. शाळांना सुट्टी लागल्यापासून जे पिळून प्यायलात ते माझ्या सुनेने सावरलेले. मी गावभर हात दाखवत फिरलो, तो हात तिचा होता. झालं. लुर्देस! इकडे ये."

ती हलली नाही. मुलींनीच तिला पुढे ढकललं. गॅरेजच्या पायरीवर चढली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मी सांगितलं होतं, आज खोटं नाही बोलणार."

"म्हणूनच बोलावलं." त्याने स्ट्रॉ तिच्या हातात दिली. "खोल घाल. नीट बघ."

लुर्देसने स्ट्रॉ पिंपात तळापर्यंत घातली, वरचं तोंड बोटाने बंद केलं, बाहेर काढली आणि ओठांत धरली. तीनशे माणसं एका बाईच्या तोंडाकडे बघत होती. तिचा एक डोळा आपोआप मिटला. मग दुसरा.

"सांग," ओरेस्ते म्हणाला.

"दात आंबतील सगळ्यांचे," ती म्हणाली. "तीन जग पाक. आणि साली अजून एक मूठ, साली दिसतच नाहीत."

"तीन?"

"तीन."

त्याने तीन जग ओतले. साली टाकल्या. तिने वल्ह्याकडे हात नेला तसं त्याने ते स्वतःकडे ओढून घेतलं.

"वल्हं अजून माझं आहे," तो गुरगुरला. "दंड कुठे गेलेत माझे? जीभ तेवढी तुझी."

आणि तो ढवळायला लागला. जत्रेच्या दिवशी असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे कोणाला काय करावं ते सुचेना. बँडवाल्यांनी मघाचीच धून पुन्हा सुरू केली. नुंझिओ मातेच्या सावलीत फतकल मारून बसला.

"अरे, मातेला उन्हात उभं केलंयस तू!"

"तिला घाई नाहीये. तुला आहे."

लोक हसायला लागले. कोणीतरी मातेवर छत्री धरली. एर्सिलिया पायरीवर येऊन उभी राहिली आणि नवऱ्याचे दंड चालताना बघून कुणाच्या नकळत डोळे पुसून घेतले. लुर्देसने दुसरी स्ट्रॉ घातली. चाखलं. थांबली. आणखी अर्धा जग मागितला. तिसऱ्यांदा चाखल्यावर मात्र तिने स्ट्रॉ मोडून एप्रनच्या खिशात घालायला हात नेला आणि तिच्या लक्षात आलं, एप्रन नाही. ओरेस्तेने काउंटरखालून तो काढून दिला. गुरुवारची घडी तशीच होती.

मग त्याने पेला भरला. पहिला पेला. तो तिच्यापुढे धरला.

"हा तुमचा आहे," लुर्देस म्हणाली.

"करणाऱ्याने प्यायचा असतो. घे. आणि आता स्ट्रॉ मागितलीस तर बघ."

तिने पेला मुठीत दाबला, फिरवला, तिरका केला. बुडावर टिचकी मारली. डोळे मिटून क्षणभर थांबली, आणि तिने मान डोलावली. मग जो गलका झाला त्यात बँडसुद्धा ऐकू येईना. नुंझिओने दोन पेले एकदम उचलले.

मिरवणूक पुढे गेली. गर्दी ओसरली. ओरेस्ते पालथ्या पेटीवर बसला होता, हातात शेवटचा पेला. लुर्देस काउंटर पुसत होती. त्याने एक घोट घेतला. थंड. दाताखाली सालीचा कचकचाट. बाकी काही नाही.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"सांगितलं की. छान."

"तसं नको. मला नीट सांग."

लुर्देसने फडकं खाली ठेवलं, दुसरी पेटी ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याच्या हातातला पेला घेऊन तिने घोट घेतला.

"आधी आंबट लागतं," ती सावकाश म्हणाली. "जिभेच्या कडांना. एक डोळा बारीक होतो, पण मिटत नाही. मग गोडी येते, मागून, गळ्याशी. मग बर्फ विरघळला की दोन्ही एकत्र होतात आणि त्याला लिंबाच्या पानासारखा हिरवा वास येतो."

"आणि साल?"

"साल कडू. सगळ्यांत शेवटी. अगदी थोडी."

"शेवटी येते ना? आधी नाही?"

"शेवटी."

ओरेस्तेने डोळे मिटले होते. तो मान हलवत राहिला, वडील हलवायचे तशी, सावकाश. "मग बरोबर आहे," तो म्हणाला.

तिने पेला त्याच्या हातात परत दिला. त्याने तो पिळून शेवटचा थेंबही संपवला, टिचकी मारली, चपटा केला आणि उठून कचऱ्याच्या पिंपात टाकला. मग पिशवी उचलली. दोन बोटांवर आली.

"उद्या सहाला ये," पिशवीला गाठ मारत तो म्हणाला. "आणि येताना स्ट्रॉचा खोका आण, मोठा. हे पाकीट संपत आलंय."